पेणच्या गागोद्यातल्या विनोबांनी लाखो एकर जमीन मागून आणली, पण त्या जमिनीला पाणी कुठून येणार होतं?

गोष्ट १८ एप्रिल १९५१ ची. ठिकाण, तेलंगणातलं पोचमपल्ली.

तेव्हा तेलंगणा धगधगत होता. एका बाजूला हजारो एकरांचे जमीनदार, दुसऱ्या बाजूला त्यांच्याच शेतात राबणारे भूमिहीन आणि मधे कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा. दिवसा पोलीस यायचे, रात्री बंदूकवाले. अशा भागात एक पंचावन्न वर्षांचा, हाडं मोजता येतील असा माणूस पायी फिरत होता. अंगावर पंचा, सोबत चार-दोन माणसं.

पोचमपल्लीच्या दलित वस्तीत त्यानं लोकांना विचारलं, तुम्हाला काय हवंय. साधारण ४० कुटुंबं होती. त्यांनी जमीन मागितली, ८० एकर. आणि त्यातही हिशेब सांगितला. ४० एकर ओलिताची, ४० एकर कोरडवाहू.

भूदानाची गोष्ट सांगताना हा तपशील बहुतेक वेळा गाळला जातो. पुढचा भाग मात्र सगळ्यांना माहीत असतो. सायंकाळच्या सभेत विनोबांनी विषय काढला, गावातले जमीनदार रामचंद्र रेड्डी उभे राहिले आणि त्यांनी १०० एकर देऊन टाकले. तिथून भूदान चळवळ सुरू झाली. पण त्या ४० कुटुंबांनी जे मागितलं होतं ते नुसतं क्षेत्रफळ नव्हतं. कोरड्या प्रदेशात शेती करणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं की एकर हा आकडा अर्धवट आहे. त्याला पाणी आहे का, हा खरा प्रश्न.

विनोबांनाही ते ठाऊक होतं. कारण पोचमपल्लीला येण्याआधी सव्वा वर्ष ते स्वतः विहिरीचा रहाट ढकलत होते.

पण आधी गागोदं.

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा, पेण तालुक्यातल्या गागोदे गावचा. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं, रायगड हे नाव १९८१ साली आलं. पेण म्हटलं की आपल्याला गणपती आणि पांढरे पोहे आठवतात. या तालुक्याची दोन तोंडं आहेत. खाडीकडचा खारेपाट, जिथं भरतीचं पाणी बांध घालून अडवायचं आणि त्यामागे भात पिकवायचा. आणि डोंगराकडची गावं, जिथं पावसाळ्यात ओढे नुसते वाहत असतात. गागोदं हे डोंगराकडचं. वर्षाला ढोबळमानाने तीन हजार मिलीमीटर पाऊस पडणाऱ्या या भागात लहानपण गेलेला मुलगा पुढे आयुष्याची साठ वर्षं वर्ध्याच्या उन्हात काढणार होता, जिथं त्याच्या एक तृतीयांश पाऊस पडतो.

घर भाव्यांचं, आजोबा शंभुराव मोठे व्रतस्थ. वडील नरहरपंत नोकरीनिमित्त बडोद्याला. त्यामुळे विन्याचं लहानपण आजोबा आणि आई रुक्मिणीबाई यांच्यासोबत गेलं. घरच्या फणसाची गोष्ट विनोबा आयुष्यभर सांगत आले. फणस कापला की आई मुलांच्या हातात आधी गरे द्यायची नाही. द्रोणात भरून शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे पोचवायला लावायची आणि मग घरात वाटप. भूदानाचं मूळ कुठे म्हणून विचारलं की विनोबा या फणसाकडे बोट दाखवायचे. आता याला किती मनावर घ्यायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं, मोठेपणी सगळेच लहानपणात अर्थ शोधतात. पण कोकणात ज्यांच्या दारात फणस आहे त्यांना ही पद्धत नवीन नाही.

नऊ-दहा वर्षांचा असताना विन्या बडोद्याला गेला. गणितात हुशार. वाचन अफाट, पायी भटकणं त्याहून अफाट. १९१६ च्या मार्च महिन्यात इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा पोरगा सुरतेला उतरला आणि थेट काशीला गेला. त्याआधीच सगळी प्रमाणपत्रं चुलीत घातली होती. काशीत गांधीजींच्या भाषणाबद्दल वाचलं, पत्रव्यवहार झाला आणि ७ जून १९१६ ला तो अहमदाबादला कोचरबच्या आश्रमात पोचला. विनोबा हे नाव तिथलंच.

मधे वर्षभर रजा काढून वाईच्या प्राज्ञपाठशाळेत संस्कृत शिकला, महाराष्ट्रात पायी फिरला आणि ठरल्या दिवशी परत हजर झाला. १९२१ मध्ये जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून गांधीजींनी त्यांना वर्ध्याला पाठवलं. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं झाली, ती सानेगुरुजींनी उतरवून घेतली. १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रहासाठी गांधीजींनी पहिलं नाव निवडलं ते विनोबांचं, आणि तोवर देशातल्या बहुतेकांना हा माणूस माहीतच नव्हता. हे सगळं शाळेच्या पुस्तकात येतं, म्हणून इथे पटकन पुढे जाऊया.

कुदळीनं वाढवलेलं वजन

१९३८ साली विनोबांची तब्येत पार ढासळली होती. वजन ८८ पौंड, म्हणजे ४० किलो. गांधीजींनी हवापालट करायला कुठल्यातरी थंड हवेच्या ठिकाणी जा असा सल्ला दिला. विनोबांनी निवडलं पवनार, वर्ध्यापासून सात-आठ किलोमीटरवरचं, धाम नदीच्या काठावरचं गाव. विदर्भातल्या उन्हाळ्यात हवापालटासाठी पवनार! तिथं जमनालालजींचा एक बंगला रिकामा होता.

तिथं त्यांनी उपचार म्हणून कुदळ हातात घेतली. सुरुवातीला रोज पाच मिनिटं खणायचं, मग हळूहळू वेळ वाढवायचा. काही महिन्यांत वजन वाढलं, तब्येत सुधारली. त्याच जमिनीत खणताना राम-भरत भेटीची जुनी दगडी मूर्ती सापडली, ती आजही पवनारला आहे.

खणणं, माती उचलणं, मैला साफ करणं ही कामं विनोबांनी फोटोपुरती केली नाहीत. १९४६ पासून जवळजवळ दीड-दोन वर्षं ते पवनारहून शेजारच्या सुरगावला रोज खांद्यावर फावडं टाकून जायचे आणि गावाची घाण साफ करून परत यायचे. पावसापाण्याची सुट्टी नाही.

त्याआधी नालवाडीत असताना त्यांच्या सोबत्यांनी गाईगुरांचं वेगळंच काम उभं केलं होतं. गोपाळराव वाळुंजकरांनी नालवाडीला चर्मालय काढलं. मेलेल्या जनावराचं कातडं कमावणं हे काम त्या काळी कुठल्याही उच्चवर्णीय घरात तोंडानं उच्चारलं जात नसे. वाळुंजकरांनी ते हातानं केलं. कारण सरळ होतं. गाय मेल्यावर तिचं कातडं, हाडं, शिंगं वाया गेली तर गोपालन परवडत नाही. जमनालाल बजाज यांनीही शेवटच्या दिवसांत गोसेवेलाच वाहून घेतलं, वर्ध्याजवळ गोपुरीत झोपडी बांधून राहिले. ११ फेब्रुवारी १९४२ ला ते गेले. वर्ध्याचा हा पट्टा गवळाऊ गाईंचा. कोरड्या हवामानात कमी चाऱ्यावर टिकणारी, बैल चपळ निघणारी ही जात. गांधीजी आणि विनोबांभोवतीच्या लोकांचा जोर परदेशी गाय आणण्यावर नव्हता, इथलीच गाय नीट पोसण्यावर होता.

इथे एक गंमत. विनोबांचे धाकटे भाऊ बाळकोबा पुढे पुण्याजवळच्या उरुळीकांचनच्या निसर्गोपचार आश्रमात राहिले. गांधीजींनी १९४६ मध्ये काढलेल्या याच आश्रमात मणिभाई देसाई होते. मणिभाईंनी १९६७ मध्ये बाएफ ही संस्था काढली आणि देशी गाईचा परदेशी वळूशी संकर करून दूध वाढवायचा मार्ग धरला. एकाच गांधीच्या तालमीतून गोपालनाच्या दोन अगदी उलट वाटा निघाल्या.

बैलाशिवाय रहाट

स्वातंत्र्य मिळालं, गांधीजी गेले. विनोबा निर्वासितांच्या छावण्यांत काम करून पवनारला परतले आणि १९५० मध्ये त्यांनी एक प्रयोग सुरू केला. नाव ठेवलं कांचनमुक्ती. म्हणजे पैशाशिवाय जगायचं. आश्रमानं देणग्या घ्यायच्या नाहीत, लागेल ते पिकवायचं, कापड स्वतः विणायचं.

भाजी पिकवायची तर पाणी हवं. धाम नदी शेजारीच होती, पण नदीचं पाणी वर चढवायला यंत्र लागतं आणि यंत्राला पैसा. मग विहीर खोदणं आलं. त्यावर रहाट बसला. रहाट म्हणजे दांड्याला जोडलेलं चाक फिरलं की डब्यांची किंवा गाडग्यांची माळ वर येते आणि पाणी पाटात ओतते. एरवी हा दांडा बैल फिरवतो. विनोबांनी ठरवलं, बैलही नको. रहाटाला चहूबाजूंनी दांडे लावले आणि आश्रमातली माणसं खांदा लावून गोल फिरू लागली. फिरता फिरता श्लोक म्हणायचे. किती फेरे झाले हे श्लोकांवरून कळायचं. घड्याळ नको, मोजणी नको. गणिताची आवड इथेही सुटली नव्हती.

या बैलाशिवायच्या शेतीला त्यांनी ऋषीशेती म्हटलं. बाहेरून हे वेड वाटतं. पण त्यामागचा हिशेब ऐकण्यासारखा आहे. बैलजोडीला चारा लागतो, चाऱ्याला जमीन लागते. माणसं वाढतायत आणि माणशी जमीन घटतेय. एखाद्या भूमिहीनाला उद्या एक-दोन एकर मिळाले तर तो बैलजोडी कशी पोसणार? मग कुदळीवर पोट भरतं का, ते आधी स्वतः करून पाहावं लागेल. पवनारचा प्रयोग हा अशा माणसासाठी होता ज्याच्याकडे जमिनीचा तुकडा आहे आणि दुसरं काहीच नाही. गमतीचा भाग म्हणजे असा माणूस लाखोंच्या संख्येनं तयार करण्याचं काम विनोबांच्याच वाट्याला येणार होतं आणि ते तेव्हा त्यांना माहीत नव्हतं.

प्रयोग रंगात असतानाच १९५१ च्या एप्रिलमध्ये हैदराबादजवळ शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन ठरलं. विनोबा जायला तयार नव्हते. आग्रह झाला तेव्हा निघाले, पण पायी, कारण पैसा हाताळायचा नव्हता. साधारण ५०० किलोमीटर. तिकडून परतताना तेलंगणा लागला आणि पोचमपल्ली घडलं.

पेणचे एक, रोह्याचे एक

तेलंगणातल्या ५१ दिवसांत सुमारे १२ हजार एकर जमीन मिळाली. देशभर बातमी झाली. त्याच वर्षी पहिल्या पंचवार्षिक योजनेचा मसुदा बाहेर आला. नियोजन आयोगाचे सदस्य रा. कृ. पाटील पवनारला येऊन विनोबांशी बोलले आणि विनोबांनी योजनेवर सडकून टीका केली. देश अन्नात कधी स्वावलंबी होणार आणि प्रत्येक हाताला काम कसं देणार, याची हमी या योजनेत नाही, असा त्यांचा मुद्दा. नेहरूंनी चर्चेला दिल्लीला बोलावलं. विमान पाठवण्याचा प्रश्न नव्हता. सप्टेंबरमध्ये निघालेले विनोबा चालत चालत दोन महिन्यांनी दिल्लीत पोचले आणि राजघाटाजवळ झोपडीत उतरले. नियोजन आयोगाला चर्चेसाठी तिथं यावं लागलं.

त्यावेळी देशाचे अर्थमंत्री आणि नियोजन आयोगाचे सदस्य होते चिंतामणराव देशमुख. जन्म महाडजवळच्या नाते गावचा, घर रोह्याचं, वडील रोह्यात वकील. विनोबांपेक्षा अवघ्या चार महिन्यांनी लहान. म्हणजे एकाच कुलाबा जिल्ह्यातली, एकाच पिढीतली दोन मुलं. दोघंही संस्कृतात आकंठ बुडालेली. एकानं इंटरची परीक्षा सोडून प्रमाणपत्रं जाळली, दुसऱ्यानं मॅट्रिकला शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली आणि आयसीएसला पहिला आला. एक जण हातानं रहाट ढकलून भाजी पिकवत होता, दुसरा ज्या योजनेचा पैसा सांभाळत होता तिच्यात भाक्रा, हिराकुड, दामोदर अशी अवाढव्य धरणं होती. पाण्याकडे पाहण्याच्या दोन टोकाच्या तऱ्हा, आणि दोन्हींचं मूळ पेण-रोह्याच्या पावसात.

निकाल काय लागला ते सगळ्यांना माहीत आहे. धरणं झाली.

विनोबा मात्र चालत राहिले. उत्तर प्रदेश, मग बिहार. पहाटे तीन-चारला कंदील घेऊन निघायचं, दहा-बारा मैल चालायचं, सभा घ्यायची, मला सहावा मुलगा समजा आणि माझा वाटा द्या असं लोकांना सांगायचं. पाच मुलगे असलेल्या बापानं सहाव्याला जसा सहावा हिस्सा द्यावा, तसा. उद्दिष्ट १९५७ पर्यंत ५ कोटी एकर.

बिहारमध्ये ते २७ महिने राहिले. मलेरियानं मरता मरता वाचले. एकट्या बिहारमध्ये २० लाखांहून अधिक एकरांची दानपत्रं जमली. जगात असं कुठे झालं नव्हतं. परदेशी पत्रकार मागे मागे चालू लागले. १९५८ मध्ये पहिल्याच वर्षीच्या मॅगसेसे पुरस्कारांत समाजनेतृत्वासाठी विनोबांची निवड झाली.

आणि इथेच ती ४० एकर ओलिताची गोष्ट परत समोर येते.

जमीन मिळाली, पुढे काय?

दान देणारा माणूस आपल्या आठ एकरांतला कुठला तुकडा देईल? विहिरीखालचा देईल का माळावरचा? उत्तर अवघड नाही. काही जणांनी खरंच उत्तम जमीन दिली, स्वतःकडे दोन एकर असताना अर्धा देणारेही निघाले. पण दानपत्रांच्या ढिगात नदीच्या पात्रातली वाळू होती, टेकाडावरचा मुरूम होता, जंगल होतं, कोर्टात अडकलेली भांडणं होती. काही जमीनदारांना कमाल जमीनधारणेच्या कायद्याची चाहूल लागली होती. जाणारच आहे तर दान करून पुण्य घ्या, असाही विचार झाला.

विनोबांना हे दिसत नव्हतं असं नाही. म्हणून त्यांनी जमिनीच्या जोडीला आणखी दानं मागायला सुरुवात केली. साधनदान म्हणजे बैलजोडी, नांगर, बियाणं. श्रमदान म्हणजे बांधबंदिस्ती आणि सपाटीकरणाला हात. संपत्तिदान म्हणजे मिळकतीचा वाटा. आणि कूपदान म्हणजे विहीर. ज्याला जमीन देता येत नाही त्यानं एखाद्या भूदान शेतकऱ्याच्या तुकड्यात विहीर खोदून द्यावी. कल्पना अगदी नेमकी होती. पडीक जमीन आणि शेत यांच्यातला फरक अनेकदा एका विहिरीचाच असतो.

पण जमिनीचं दान एका सहीत होतं. विहिरीला कातळ फोडावा लागतो, सुरुंग, बांधकाम, महिनोन् महिने मजुरी लागते आणि खाली पाणी लागेलच याची खात्री नाही. शिवाय पाणी हे एकट्या शेताचं नसतं. ओढा कुठून येतो, वर कोण अडवतो, गावाची गुरं कुठे पाजायची, गायरान कुणाचं, हे सगळं धरून चालावं लागतं. एक एक तुकडा सुटा घेऊन हे प्रश्न सुटत नाहीत. जमिनीच्या दानाइतका वेग विहिरींच्या दानाला कधीच आला नाही.

भूदानाचं ढोबळ गणित असं. देशभरात साधारण ४० लाख एकरांहून थोडी जास्त जमीन कागदावर मिळाली, म्हणजे उद्दिष्टाच्या दहावा हिस्साही नाही. त्यातली प्रत्यक्षात वाटली गेली १२-१३ लाख एकर. उरलेली कुठे गेली? बरीचशी वाटण्याजोगी नव्हती. काही दात्यांच्या वारसांनी परत बळकावली. काही ठिकाणी दात्याची सही होती, पण गट नंबरच नव्हता. आपल्याकडे विदर्भात भूदानाचा कारभार आजही १९५३ च्या मध्य प्रदेशच्या कायद्यावर चालतो, कारण तेव्हा विदर्भ मध्य प्रदेशात होता. भूदानाच्या जमिनी परस्पर विकल्याच्या तक्रारी आजही तहसीलमध्ये येत असतात.

तरीही हे अपयश म्हणून निकालात काढणं घाईचं होईल. १२-१३ लाख एकर हा आकडा लहान नाही. कमाल जमीनधारणा कायद्यातून अनेक राज्यांत जे हाती लागलं त्याच्याशी तुलना केली तर एक पंचा नेसलेला माणूस नुसता मागून एवढं आणतो हे चकित करणारंच आहे. चूक बहुधा वेगळीकडे होती. विनोबांची यात्रा थांबत नव्हती. आज या गावात, उद्या पुढच्या. सही करून घेणारे पुढे निघून गेले आणि मागे राहिलेल्या माणसाला माळावर पाणी आणून द्यायला कुणी थांबलं नाही. पवनारच्या विहिरीवर रोज रहाट फिरवायला माणसं होती. भूदानाच्या तुकड्यावर ती नव्हती.

जिथं माणसं थांबली तिथं वेगळं घडलं. १९५२ मध्ये बुंदेलखंडातल्या हमीरपूर जिल्ह्यातलं मंगरोठ हे अख्खं गाव दान झालं. बुंदेलखंड म्हणजे खडक, कोरड्या नद्या आणि मे महिन्यात ओस पडणारी गावं. तिथं जमीनदार दिवाण शत्रुघ्नसिंह यांच्यासह गावानं आपली जमीन एकत्र केली आणि ग्रामदान ही कल्पना जन्मली. म्हणजे मालकी गावाची, कसायला कुटुंबाकडे आणि विकायला कुणाकडेच नाही. पुढे ओडिशातल्या कोरापुटमध्ये शेकडो गावं ग्रामदान झाली. तिथं अण्णासाहेब सहस्रबुद्धे जाऊन राहिले आणि आदिवासींसोबत विकासाचं काम केलं. ग्रामदानात पाण्याचा प्रश्न निदान नीट मांडता येत होता. वरच्या बाजूला बांध कुठे घालायचा आणि गायरान कुठे राखायचं हे ठरवायला गाव नावाचा एकच मालक होता.

याचं फळ कधीकधी फार उशिरा दिसलं. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात, अरवलीच्या कोरड्या डोंगरात सीड नावाचं गाव आहे. तिथल्या लोकांनी राज्याच्या ग्रामदान कायद्याचा आधार घेऊन गायरानावर गावाचा ताबा मिळवला. चराई कधी, गवत कापायचं कधी, मोडणाऱ्याला दंड किती, हे ग्रामसभेनं ठरवलं. आजूबाजूचे डोंगर बोडके असताना या गावाकडे गुरांना चारा होता. अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९८९ मध्ये या गावाबद्दल लिहिलं तेव्हा पर्यावरणवाल्यांचं लक्ष तिकडे गेलं. आपल्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखानं २०१३ मध्ये महाराष्ट्राच्या १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली सगळी शेतजमीन ग्रामसभेकडे दिली. विनोबांना जाऊन तेव्हा ३१ वर्षं झाली होती.

शेवटची लढाई गाईची

१३ वर्षं चालून विनोबा १९६४ मध्ये पवनारला परतले. पुढे बिहारसाठी पुन्हा बाहेर पडले, पण १९७० पासून पवनार सोडलं नाही. तिथं १९५९ पासून ब्रह्मविद्या मंदिर होतं, स्त्रियांनी स्त्रियांसाठी चालवलेला आश्रम, ज्यात शेती, गाई आणि छापखाना सगळं बायकांच्या हातात.

आणीबाणी आली तेव्हा विनोबांचं वर्षभराचं मौन चालू होतं. त्यांच्या एका वहीतल्या दोन शब्दांचा सरकारनं जाहिरातीसारखा वापर केला आणि सरकारी संत हा शिक्का त्यांना बसला. त्यांनी तो पुसायचा फारसा प्रयत्न केला नाही. जयप्रकाश नारायण तुरुंगात असताना विनोबांनी घेतलेली भूमिका अनेक जुन्या सर्वोदयवाल्यांना शेवटपर्यंत पटली नाही, आणि यात त्यांचं काही चुकलं असं म्हणता येत नाही.

पण त्याच आणीबाणीत, १९७६ मध्ये, विनोबांनी गोहत्याबंदीसाठी उपोषण जाहीर केलं आणि सरकारनं आश्रमाच्या मैत्री मासिकाचे अंक जप्त केले. एप्रिल १९७९ मध्ये पश्चिम बंगाल आणि केरळमधल्या कायद्यासाठी पाच दिवसांचं उपोषण झालं. ११ जानेवारी १९८२ पासून मुंबईतल्या देवनार कत्तलखान्यासमोर सत्याग्रह सुरू झाला आणि तो विनोबा गेल्यानंतरही कित्येक वर्षं चालू राहिला.

ज्या माणसानं बैलाशिवाय रहाट फिरवला, तोच शेवटी बैल वाचवायला बसला. विनोबांच्या डोक्यात यात विसंगती नव्हती. ऋषीशेती हा टोकाच्या गरिबीचा उपाय होता, बाकी देशाची शेती बैलाच्या खांद्यावर आहे आणि ट्रॅक्टर-डिझेल बाहेरून येणार, असं ते मांडत होते. पण १९३५ च्या नालवाडीत गाईचा हिशेब शेवटपर्यंत केला गेला होता. चारा, दूध, शेण, बैलाचं काम आणि मेल्यावर कातडं. देवनारच्या आंदोलनात तो हिशेब मागे पडला. दुष्काळात विहीर आटली, कडबा संपला की मराठवाड्यातल्या शेतकऱ्यासमोर म्हातारा बैल विकायचा की पोसायचा हा प्रश्न असतो. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी लागू झाल्यावर हाच प्रश्न छावण्यांमध्ये आणि गुरांच्या बाजारात पुन्हा पुन्हा विचारला गेला. बंदीच्या बाजूचे विनोबांचं नाव घेतात. भाकड जनावराच्या चारापाण्याचा खर्च कुणी करायचा, यावर मात्र दोन्ही बाजूंचं एकमत आजही नाही.

५ नोव्हेंबर १९८२ ला विनोबांना हृदयविकाराचा झटका आला. तब्येत थोडी सावरली, पण त्यांनी औषध बंद केलं, अन्न बंद केलं आणि नंतर पाणीही. डॉक्टरांनी, सोबत्यांनी आणि दिल्लीहून भेटायला आलेल्यांनी समजावून पाहिलं, उपयोग झाला नाही. १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या दिवशी सकाळी, धाम नदीच्या काठावर ते गेले. वय ८७. पुढच्या वर्षी भारतरत्न मरणोत्तर जाहीर झाला.

गागोद्यातलं भाव्यांचं घर आज स्मारक म्हणून जपलेलं आहे. ११ सप्टेंबरला तिथं माणसं जमतात, तेव्हा बहुतेकदा पाऊस चालू असतो. याच पेण तालुक्यात नंतर हेटवणे धरण झालं. त्याचं पाणी नवी मुंबईला जातं, आणि धरणाच्याच तालुक्यातल्या वाशी-शिर्की खारेपाटातल्या बायका उन्हाळा आला की हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात.